स्टॉर्मचं मिसिंग

२१ जुलै २०२५, सोमवार

दुपारी नारायणगावकडून टोइंगच्या गाडीवर एक सॅन स्टॉर्म आली. लाल रंग, दोन सीटा, कापडी छत. मंचरच्या रस्त्यानं ती येताना शाळेतून सुटलेली पोरं मागं लागली आणि थेट गॅरेजच्या दारात येऊन थांबली. एकानं विचारलं, कुठल्या देशातली? गोव्यात बांधलेली आहे असं सांगितलं. त्याचा विश्वास बसला नाही.

बंगळुरूची सॅन कंपनी रेल्वेची छोटी इंजिनं बांधते. त्याच घराण्यानं नव्वदच्या दशकाच्या अखेरीस ही गाडी काढली. खाली लोखंडी सांगाडा, वर फायबरग्लासचं अंग, पुढं रेनॉचं ११४९ सीसीचं, चार सिलिंडर, आठ व्हॉल्व्हचं इंजिन, ताकद साठ हॉर्सपॉवरच्या आसपास. युरोपात हेच इंजिन क्लिओ आणि ट्विंगोमध्ये चाललं. साठ हॉर्सपॉवर कागदावर थोडी वाटते, पण अंग हलकं आणि बसायची जागा रस्त्याला टेकलेली, त्यामुळे चालवणाऱ्याला वेग आकड्याहून जास्त जाणवतो. ज्या काळात इथं पैसेवालेसुद्धा झेन आणि इस्टीममध्ये समाधानी होते, त्या काळात कुणीतरी गोव्यात स्पोर्ट्स कार बांधायला घेतली. मला त्या धाडसाबद्दल मनापासून आदर आहे.

मालक टोमॅटोचे बागायतदार, साठी ओलांडलेले, सगळे त्यांना आबा म्हणतात. तरुणपणी पणजीला अशी गाडी पाहिली होती, ती मनातून गेली नाही. मग कधीतरी फोंड्याला जुनी मिळाली. त्यांची तक्रार त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवतो: "मिस्त्री, उभी असली की थरथरते. आणि रेस दिली की आधी गप्प बसते, मग एकदम उडी मारते."

इथं येण्याआधी दुसरीकडं प्लग, कॉइल आणि पेट्रोल पंप बदलून झालेत. पार्ट शोधण्यात महिने गेले, आजार तसाच. त्यामुळे आज एकच ठरवलं. मोजल्याशिवाय या गाडीचा एकही पार्ट बदलायचा नाही. हे इंजिन इथल्या बाकीच्या गाड्यांत नाही. नाशिकला बनलेल्या लोगनमध्येसुद्धा रेनॉचंच इंजिन होतं, पण ते वेगळं. इथं चुकीचा अंदाज केला तर नुसते पैसे जात नाहीत, गाडी पुन्हा कित्येक दिवस उभी राहते.

२२ जुलै, मंगळवार

सकाळी गार इंजिन चालू केलं. पहिल्या सेल्फला लागलं. गार असताना आयडलिंग बरं, हजारच्या वर. जसं तापत गेलं तसा काटा नऊशेवरून सहाशेवर, परत नऊशेवर, असा हिंदकळायला लागला. सायलेन्सरच्या तोंडाशी हात धरला तर धूर एकसारखा येत नाही, मधेच फुस्स होतं. म्हणजे एखादा सिलिंडर अधूनमधून पेटत नाही, मिसिंग आहे.

रेस हळूहळू वाढवली तर इंजिन वाढतं. पाय झटकन दाबला तर क्षणभर बंद पडल्यासारखं होऊन मग उचलतं. दोन हजारांच्या वर मात्र आवाज स्वच्छ. ही गोष्ट मोलाची आहे. मोठ्या रेसला पेट्रोल कमी पडत असतं तर वर अडलं असतं, खाली नाही. वर चांगलं आणि खाली वाईट असेल तर पहिला संशय हवेवर.

माझा स्कॅनर या गाडीच्या ईसीयूशी, म्हणजे इंजिनाच्या संगणकाशी, बोलत नाही. म्हणून मल्टिमीटर, व्हॅक्यूम गेज, प्रेशर गेज आणि कान.

व्हॅक्यूम गेज इनटेक मॅनिफोल्डला जोडला. चांगलं इंजिन समुद्राकाठी आयडलिंगला सतरा ते एकवीस इंच व्हॅक्यूम देतं. दर तीनशे मीटर चढाला साधारण एक इंच वजा होतो. मंचर सहाशे मीटरच्या आसपास, तेव्हा इथं पंधरा ते एकोणीस धरायचं. या गाडीनं तेरा दाखवलं आणि काटा थरथरत राहिला.

संध्याकाळी लाइट घालवून, अंधारात, प्लगच्या केबलींवर पाण्याचा बारीक फवारा मारून पाहिला. कुठंही निळी ठिणगी सांडत नाही. केबली चांगल्या आहेत.

२४ जुलै, गुरुवार

अमावस्या. शेजारच्या दुकानात दिव्यांची पूजा चालू होती, आमच्याकडं प्लग काढले. तीन फिकट तपकिरी, हवे तसे. चौथा पांढरट, भाजल्यासारखा. पांढरा प्लग म्हणजे त्या सिलिंडरला पेट्रोलच्या मानानं हवा जास्त.

सोबतच्या मुलीनं वहीत "सिलिंडर १" असं लिहिलं, ते दुरुस्त करायला लावलं. अवसरीच्या सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजात ऑटोमोबाईलला आहे ती, संध्याकाळी येते. रेनॉच्या इंजिनात एक नंबर फ्लायव्हीलच्या बाजूनं मोजतात, आपल्या सवयीच्या टायमिंग बेल्टच्या बाजूनं नाही. त्या हिशेबानं पांढरा प्लग चार नंबरचा. तिनं लगेच विचारलं, "काका, मग कुणी उलटं मोजून केबली लावल्या तर?" चांगला प्रश्न. या गाडीची कॉइल एक-चार आणि दोन-तीन अशा जोड्यांनी ठिणगी टाकते. जोडीतल्या एका सिलिंडरला ती ठिणगी कामाची, दुसऱ्यात त्याच वेळी एक्झॉस्ट बाहेर जात असतो, तिथं ती वाया जाते. त्यामुळे एक आणि चारची अदलाबदल झाली तरी गाडीला फरक पडत नाही. जुन्या डिस्ट्रिब्युटरच्या गाडीत हीच चूक गाडी चालूच होऊ देत नसे.

कॉम्प्रेशन चारही सिलिंडरचं जवळजवळ सारखं, दहा टक्क्यांच्या आत. व्हॉल्व्ह, रिंगा, हेड गॅस्केट यांच्यावरचा संशय मिटला. बेल्टच्या खुणाही जुळतात.

२६ जुलै, शनिवार

आज पेट्रोल. प्रेशर तीन बारच्या आसपास, रेस दिल्यावर खाली पडत नाही, इंजिन बंद केल्यावरही टिकून राहतं. नवीन घातलेला पंप चांगला आहे, जुनाही बहुधा चांगलाच असणार.

आबांच्या मनात मात्र इथेनॉल बसलंय. "पेट्रोलमध्येच खोट आहे, दुसरं काही नाही." जुन्या गाडीवाला प्रत्येक जण सध्या हेच म्हणतो, म्हणून सोक्षमोक्ष लावायचा ठरवलं. मुलगी कॉलेजातून मापाची काचनळी घेऊन आली. शंभर मिली पेट्रोल, त्यात दहा मिली पाणी, झाकण लावून हलवायचं आणि ठेवून द्यायचं. इथेनॉल पेट्रोल सोडून पाण्याकडं जातं. खालचा थर दहाचा तीसच्या आसपास झाला. म्हणजे वीस टक्के, जितकं सांगतात तितकंच.

आता त्याचा हिशेब. शुद्ध पेट्रोल पुरतं जळायला एका भागाला वजनानं १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला फक्त नऊ. वीस टक्क्यांच्या मिश्रणाला साडेतेराच्या आसपास. जुन्या ईसीयूनं शुद्ध पेट्रोलच्या मापानं इंजेक्टर उघडला तर मिश्रण सात-आठ टक्के पातळ होतं. ॲव्हरेज थोडं घटतं, गार इंजिन थोडं कुरकुरतं. पण हा परिणाम चारही सिलिंडरवर सारखा व्हायला हवा. इथं एकच प्लग पांढरा आहे. तेव्हा हा आजार इथेनॉलचा नाही.

तरी आबांची भीती निराधार नाही. एप्रिल २०२३ नंतरच्या गाड्यांचं रबर आणि पाइप या मिश्रणाला सोसतील असे असतात. पंचवीस वर्षांपूर्वीच्या गाडीचे नसतात, ते फुगतात, मऊ पडतात, मग चिरतात. शिवाय इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं, आणि ही गाडी पावसाळाभर शेडमध्ये अर्ध्या टाकीवर उभी असते. ऊस आपल्याच शिवारात पिकतो, त्याचं इथेनॉल आपल्याच पंपावर येतं, याचा मला आनंदच आहे. पण जुनी गाडी सांभाळणाऱ्यानं आता पेट्रोलचे पाइप दरवर्षी हातानं चाचपून पाहिले पाहिजेत. टाकीपासून पुढचे सगळे रबरी पाइप बदलायचे, असं आबांना सांगितलं. हे मिसिंगसाठी नाही, आग लागू नये म्हणून.

२८ जुलै, सोमवार

पहिला श्रावणी सोमवार. भीमाशंकरला जाणाऱ्यांची पहाटेपासून रीघ. घोडेगावच्या पुढं क्लच जाळून बसलेल्या, रेडिएटर उकळलेल्या गाड्यांची कामं रात्रीपर्यंत. स्टॉर्मला हात लागला नाही.

एका सत्तरीच्या गृहस्थांनी वाट पाहता पाहता स्टॉर्मच्या बॉनेटमध्ये डोकावून विचारलं, "कार्बोरेटर कुठाय?" ते मुंबईला पद्मिनी टॅक्सी चालवायचे. कुर्ल्याच्या कारखान्यातली ती गाडी, मीही तिच्यावरच हात बसवला. तिचं आयडलिंग बिघडलं की कॉन्टॅक्ट पॉइंट घासायचा, फट बघायची, कार्बोरेटरचं जेट फुंकायचं, दोन स्क्रू कानानं जुळवायचे. त्यांना म्हटलं, कार्बोरेटर गेला पण प्रश्न तेच राहिलेत. हवा किती, पेट्रोल किती, ठिणगी कधी. पूर्वी उत्तर स्क्रूवर मिळायचं, आता तारेवर मोजावं लागतं.

३० जुलै, बुधवार

चार नंबरचा पांढरा प्लग आणि तेरा इंच व्हॅक्यूम, दोन्ही एकाच दिशेला बोट दाखवतात: चार नंबरच्या जवळपास इंजिन कुठून तरी चोरून हवा घेतंय.

बरेच जण अशा वेळी चालू इंजिनावर पेट्रोल किंवा कार्ब क्लीनर फवारतात. आवाज बदलला की तिथं गळती. तापलेल्या एक्झॉस्टला चिकटून ज्वालाग्राही फवारा मारणं मला मान्य नाही. फायबरच्या अंगाच्या गाडीत तर मुळीच नाही. पत्रा आगीला काही वेळ अडवतो, फायबर पेटतो. मी साधं पाणी फवारतो. भेगेवर पाणी पडलं की क्षणभर फट बुजते आणि आवाज बदलतो.

मॅनिफोल्ड गॅस्केटवर काही नाही. थ्रॉटल बॉडीच्या बुडाशी काही नाही. ब्रेक बूस्टरच्या जाड पाइपच्या वळणावर, जिथं तो मॅनिफोल्डमध्ये शिरतो, तिथं पाणी पडलं आणि इंजिन सरळ झालं. दोन सेकंद. पुन्हा फवारलं, पुन्हा सरळ. पाइप काढून वाकवला तर खालच्या बाजूनं नखभर लांबीची भेग, वरून पाहणाऱ्याला कधीच न दिसणारी. तो पाइप ज्या तोंडाला बसतो ते चार नंबरच्या वाटेजवळ आहे, म्हणून बाकीच्या तिघांपेक्षा चौथ्याला चोरीची हवा जास्त.

मुलीला इथं एक गोष्ट समजावून दिली, कारण पुस्तकात ती नेहमी अर्धीच येते. हवेचं वजन मोजणारा सेन्सर असलेल्या गाडीत अशी गळती झाली की मिश्रण सरळ पातळ होतं, कारण आत शिरलेली हवा सेन्सरवरून गेलेलीच नसते. या गाडीत तसा सेन्सर नाही. इथं मॅनिफोल्डमधला दाब मोजतात. चोरीची हवा आली की दाब वाढतो, ईसीयू समजतो इंजिनावर भार आला आणि पेट्रोल वाढवतो, आयडलिंग चढतं, मग स्टेपर मोटर हवेची वाट बंद करायला धावते, आयडलिंग पडतं, पुन्हा उघडते. काटा हिंदकळतो तो यामुळं.

त्याच हाताशी दाबाचा सेन्सरही तपासला. इंजिन बंद, चावी चालू, अशा वेळी त्यानं बाहेरचा हवेचा दाब दाखवायला हवा. मंचरला पावसाळ्यात ९३-९४ किलोपास्कलच्या आसपास. तेवढाच दाखवतो.

२ ऑगस्ट, शनिवार

बूस्टरचा पाइप नवीन, व्हॅक्यूम झेलणारा, आतून दोऱ्याच्या विणीचा. साधा पाण्याचा पाइप तिथं चालत नाही, आतल्या ओढीनं तो पिचकतो. थ्रॉटल बॉडीवरची काजळी पुसली, स्टेपर मोटरचं टोक साफ केलं. व्हॅक्यूम सतराला स्थिर. आयडलिंग साडेसातशेवर बसलं. उभ्या गाडीची थरथर बरीच गेली.

आबांना शेजारी बसवून अवसरी घाटातून पेठ गावापर्यंत नेली. चढावर गाडी सुरेख. घाटमाथ्यावर पाऊस आला, वायपर लावले, लाइट लावले, काचेवरची वाफ जावी म्हणून ब्लोअर लावला, आणि त्याच वळणावर पाय दाबल्याबरोबर तोच जुना झटका. सगळं बंद केलं, झटका गेला. परत लावलं, परत आला.

आबा म्हणाले, "बरीच सुधारली मिस्त्री, नेऊ का आता?" नको म्हटलं. थरथर पाइपची होती, झटका दुसऱ्याच कशाचा तरी आहे. दोन आजार एका वेळी असले की पहिला बरा झाल्यावर काम संपल्यासारखं वाटतं, आणि बहुतेक गाड्या तिथूनच अर्धवट बऱ्या होऊन परत जातात.

५ ऑगस्ट, मंगळवार

विजेचा भार वाढला की झटका येतो, हे पक्कं झालं. तरी झटक्याशी थेट नातं असलेले सेन्सर आधी बाजूला काढायला हवेत.

थ्रॉटल पोझिशन सेन्सरला काट्याचा मीटर लावून पेडल अगदी सावकाश दाबलं. आकड्यांचा मीटर इथं कामाचा नाही, मधली क्षणाची दांडी तो गिळून टाकतो. काटा न अडखळता चढला. फ्लायव्हीलजवळचा टीडीसी सेन्सर दोनशेच्या वर ओहम, ठीक. त्याचा कनेक्टर हिरवट झाला होता, तो साफ केला. पाण्याच्या तापमानाचा सेन्सर गार असताना अडीच हजार ओहमच्या घरात, तापल्यावर तीनशेच्या आत, ठीक. इंजेक्टरची कॉइल चारही सारख्या.

बॅटरी चांगली. अल्टरनेटर सगळं चालू असताना बॅटरीच्या टोकांवर चौदा व्होल्ट देतो. इथं बरेच जण थांबतात आणि म्हणतात, वीज ठीक आहे. पण ते मोजमाप बॅटरीपाशी असतं. ईसीयूपाशी काय पोचतं, हा प्रश्न वेगळा.

९ ऑगस्ट, शनिवार

राखीपौर्णिमा. गॅरेज दुपारनंतर बंद. बहीण जुन्नरहून आली होती.

१२ ऑगस्ट, मंगळवार

सापडलं.

मल्टिमीटरचं काळं टोक बॅटरीच्या निगेटिव्हवर, लाल टोक इंजिनच्या ब्लॉकवर. वायर तोडायची नाही, काही उघडायचं नाही. दोन्ही ठिकाणं अर्थिंगचीच, त्यामुळे मीटरनं शून्य दाखवायला हवं. मुलीला सेल्फ मारायला सांगितलं. सेल्फ मारताना ०.९ व्होल्ट. अर्ध्या व्होल्टच्या आत असायला हवं, चांगल्या गाडीत दोन दशांशाच्या आत. मग लाल टोक ईसीयूच्या अर्थिंगच्या तारेवर, इंजिन चालू, लाइट, ब्लोअर, रेडिएटरचा पंखा सगळं चालू. ०.४ व्होल्ट. तिथं एक दशांशसुद्धा जास्त.

खाली शिरून पाहिलं. इंजिनापासून सांगाड्याकडं येणारी तांब्याची वेणी वरून शाबूत, पण बोल्टाखाली लोखंडावर जाड काळा रंग. कधीतरी इंजिन उतरवून सांगाडा रंगवला असणार आणि वेणी त्या रंगावरच आवळून टाकली. बोल्टाच्या आट्यांमधून जेवढी वीज जाईल तेवढीच जात होती, आणि आटेही गंजले.

पत्र्याच्या गाडीत एवढ्यानं बहुतेक काही झालंही नसतं. तिथं सगळं अंगच अर्थिंग असतं. एक वेणी सैल झाली तर वीज फेंडरमधून, डॅशबोर्डच्या पट्टीतून, कुठूनही परत येते. फायबर वीज नेत नाही. या गाडीत प्रत्येक दिव्याला, पंख्याला आणि सेन्सरला परतीची स्वतःची तार लागते, आणि त्या सगळ्या तारा शेवटी सांगाड्यावरच्या मोजक्या बोल्टांवर येतात. मुख्य वाट बंद झाली की पंख्याची, लाइटची, अल्टरनेटरची वीज मिळेल त्या बारीक तारेतून घरी जाऊ पाहते. त्या बारीक तारांतलीच एक ईसीयूची.

मग झटका कसा येतो? अर्थिंग ०.४ व्होल्टनं वर उचललं गेलं की ईसीयू, कॉइल आणि इंजेक्टर यांच्या वाट्याला तेवढे व्होल्ट कमी येतात, तारेतला उरलासुरला अडथळा वेगळाच. इंजेक्टर उघडायला उशीर होतो, तेवढं पेट्रोल कमी पडतं. कॉइल पुरती भरत नाही, ठिणगी अशक्त. सावकाश रेस दिली तर गाडी हे निभावून नेते. पाय झटकन दाबला की मॅनिफोल्डमध्ये एकदम हवा भरते, दाट हवेत ठिणगी उडायला जास्त व्होल्ट लागतात, पेट्रोलही त्याच क्षणी जास्त लागतं. नेमक्या त्या क्षणी दोन्ही कमी. गाडी गप्प बसते आणि मग उडी मारते. आबांनी पहिल्या दिवशी सांगितलेलं अक्षर न् अक्षर बरोबर होतं.

मुलगी बराच वेळ मीटरकडं बघत राहिली. तिला म्हटलं, बदललेली कॉइल चांगली होती, पंप चांगला होता, प्लग चांगले होते. आबांचा सगळा खर्च या एका मोजणीआधी झाला. दोन टोकांचा मीटर पाचशे रुपयांत मिळतो. जुन्या गाडीच्या प्रत्येक दुरुस्तीत अर्थिंगवरचे हे व्होल्ट मोजणं पहिलं असायला हवं, असं माझं ठाम मत आहे, आणि मी शिकवतो त्या प्रत्येक पोराकडून ते करून घेतो.

१३ ऑगस्ट, बुधवार

सांगाड्यावरचे सगळे अर्थिंगचे बोल्ट काढले. खाली लोखंड पांढरं होईपर्यंत घासलं, दातेरी वॉशर, नवीन वेणी, आवळून झाल्यावर वरून ग्रीस. ग्रीस आधी नाही, आधी लावली तर पुन्हा तीच गत. शिवाय बॅटरीच्या निगेटिव्हपासून थेट गिअरबॉक्सपर्यंत वेल्डिंगच्या केबलीचा एक तुकडा टाकला. ही केबल मऊ असते, इंजिन हललं तरी तुटत नाही. ईसीयूचं अर्थिंग त्या गर्दीतून काढून स्वतंत्र तारेनं बॅटरीला.

सेल्फ मारताना ब्लॉकवर ०.०८. सगळं चालू असताना ईसीयूवर ०.०३.

पेट्रोलचे पाइपही आजच बदलले. जुन्यांपैकी एक टाकीजवळ बोटानं दाबला तर मळलेल्या कणकेसारखा मऊ. तो गाडीत राहिला असता तर पुढच्या उन्हाळ्यापर्यंत टिकला नसता.

१६ ऑगस्ट, शनिवार

दुपारी दहीहंडीच्या तयारीनं बाजारपेठेतली वाहतूक वळवलेली, म्हणून सकाळी लवकर निघालो. आबा चालवायला, मी शेजारी. घोडेगाव, मग डिंभे. धरणाच्या पुढं चढ सुरू झाल्यावर त्यांना मुद्दाम सगळं लावायला सांगितलं: लाइट, ब्लोअर, वायपर. तिसऱ्या गिअरमध्ये हळू येऊन पाय झटकन दाबा म्हटलं. आबा आधी कचरले, मग दाबला. गाडीनं सरळ उचललं. पुन्हा दुसऱ्या वळणावर, पुन्हा उचललं.

वर जाऊन चावी चालू ठेवून दाबाचा सेन्सर पाहिला. मंचरपेक्षा तीन-चार किलोपास्कल कमी, उंचीच्या मानानं बरोबर. म्हणजे ईसीयू इथली पातळ हवा ओळखून पेट्रोल कमी करतोय. कार्बोरेटरच्या गाडीला हे जमत नसे, भीमाशंकरला चढताना पद्मिनी काळा धूर सोडायची. उतरल्यावर प्लग काढले. चारही एका रंगाचे.

आबा परतीच्या वाटेवर फारसं बोलले नाहीत, पण घोडेगावला चहाला थांबल्यावर गाडीच्या भोवती दोन फेऱ्या मारून आले आणि म्हणाले, गोव्यातला तो कारखाना बघायला हवा होता.

२० ऑगस्ट, बुधवार

सलग पाऊस. घोड नदीला पाणी वाढलंय. गाडी मुद्दाम दोन रात्री उघड्या शेडमध्ये ठेवली, ओल लागू दिली. आज सकाळी पहिल्या सेल्फला चालू, आयडलिंग साडेसातशे, काटा जागचा हलत नाही. अर्थिंग पुन्हा मोजलं, ०.०३ च.

मुलीनं सगळे आकडे तारखेसह एका पानावर लिहून पान लॅमिनेट केलं, बॉनेटच्या आतल्या बाजूला चिकटवलं: व्हॅक्यूम, पेट्रोल प्रेशर, सेन्सरचे ओहम, अर्थिंगचे व्होल्ट, आणि एक नंबर सिलिंडर फ्लायव्हीलकडून मोजायचा ही सूचना. पुढं ही गाडी पुण्यात उघडो की गोव्यात, उघडणाऱ्याला चांगल्या इंजिनाचे आकडे समोर मिळतील. कंपनीचं मॅन्युअल सहज मिळत नाही अशा गाडीला हे पान नव्या कॉइलपेक्षा जास्त उपयोगाचं आहे.

बिलात बूस्टरचा पाइप, पेट्रोलचे पाइप, वेणी, केबल, वॉशर आणि मजुरी. आबांचा जुना पंप डिकीत होता, तो जोडून प्रेशर पाहिलं. चालतो. तो पुसून, गुंडाळून परत दिला, स्पेअर म्हणून ठेवा म्हटलं.

थंड असताना रिव्हर्स टाकला की अजून एक बारीक दणका बसतो. उजव्या बाजूचं इंजिन माउंटिंग खचलंय. त्याचं माप घेतलंय, रबर पुण्यात ओतून मिळेल. गणपतीनंतर आबांना पुन्हा बोलावलंय.